रडणारे दिवे

आक्रे, १ मार्च १२९१

बाळ विडाल,

आज आपलं नवं वर्ष. इथले जिनोआवाले हसतात. म्हणतात, सगळं जग कधीच उठलेलं असतं आणि व्हेनिसवाल्यांना मार्चात जाग येते. हसू देत मेले. मी आईसारखे मासे केले, आधी तळून मग कांद्याबरोबर व्हिनेगरात मुरवलेले. झानेताने शेवटचा तुकडा तुझ्या नावाने बाजूला ठेवला आणि मग स्वतःच खाल्ला. वर म्हणते, "मामाला पोचला."

आता कामाचं लिहिते. आमच्यावर डोळा ठेवून बसलेला म्हातारा सुलतान गेला तेव्हा या शहराने सुटकेचा श्वास टाकला होता. पण मुलगा बापाच्या वरताण निघाला. वाळवंटाकडून काचभट्ट्यांसाठी राख घेऊन येणारे लोक सांगतात, डोंगरातले देवदार तोडून दगड फेकायची यंत्रं बांधणं चाललंय, एकेक यंत्र ओढायला बैलांची रांग लागते. इथले मोठे लोक ऐकत नाहीत. त्यांची सगळी भिस्त तार्तारांच्या खानावर आहे. तो म्हणे घोडे घेऊन येणार आणि आपल्याला वाचवणार. खान तिकडे ताब्रिझला, मरण इकडे दारात. तुझे भाऊजी असते तर त्यांनी केव्हाच बाडबिस्तरा बांधला असता. ते गेल्यापासून राखेचं गोदाम मी एकटी चालवते, पण तटबंदी काही मला चालवता येत नाही.

म्हणून तुझ्याकडे पदर पसरते. मला दोन जागा पाहिजेत, माझी आणि झानेताची. इथले तांडेल आत्ताच माणसाचा चेहरा बघून भाडं सांगताहेत, महिन्याभराने काय मागतील देव जाणे. तुझा मित्र रिगो जहाज घेऊन येईल तर मी निर्धास्त होईन. आम्हाला सामान काही आणायचं नाही.

आई गेली तेव्हा तू एवढासा होतास. मी तुला कडेवर घेऊन भट्टीच्या दारात उभी राहायचे, ऊब लागल्याशिवाय तू झोपायचा नाहीस. तुझ्या जिभेवर पहिली राख मीच ठेवली होती. कुठली काचेला चालते आणि कुठली नाही, हे तुला शिकवायला गेले आणि तू भोकाड पसरलंस. त्या जिभेला पुढेही कधी काही कळलं नाही म्हणा. म्हणून तर आजवर तुझ्या भट्टीची राख इथे बसून मी चाखते.

उपकार म्हणून मागत नाही. माझा आहेस म्हणून मागते.

तुझी ताई,
बेरिओला

---

व्हेनिस, १० एप्रिल १२९१

ताई,

तुझं पत्र वाचून जीव वरखाली झाला. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी उठलो तो थेट रिगोकडे गेलो. तो परवा निघतोय. तुझ्या आणि झानेताच्या जागेचं मी त्याला नुसतं सांगितलं नाही, बजावलंय. तू आता तिळमात्र काळजी करू नकोस. भाऊ कशासाठी असतो?

झानेताला सांग, भट्टीच्या वरची खोली तिला. हिवाळ्यातही घाम फुटेल.

एक बारीकशी गोष्ट आहे. जहाज जातंच आहे, तर येताना रिकामं कशाला यावं? कालव्याकाठच्या नव्या मठाचं काम मला मिळालंय. गाभाऱ्यात टांगायचे तेलाचे दिवे, कमानीगणिक एक. अशी काच पाहिजे म्हणतात की ज्योत हवेत तरंगल्यासारखी वाटावी. या कामासाठी सगळे भट्टीवाले टपून बसले होते, आणि मिळालं मला. पण शहरात राख म्हणशील तर औषधाला नाही. तुझ्या गोदामात आहे ती रिगो भरून घेईल. तू तिथे असशीलच, कुठली चांगली ते दाखव. तुझ्या जिभेपुढे माझी काय मजाल!

इथे काही लोकांनी नवीनच टूम काढलीय. भट्ट्यांनी आगी लागतात म्हणून त्या शहराबाहेर, पाण्यापलीकडे हलवा म्हणे. मी हसलो. आपल्या आजोबांची भट्टी कोण हलवतो, बघू तरी.

लवकर ये. आणि येताना तुझ्या हातचं काहीतरी खायला आण.

तुझाच,
विडाल

---

आक्रे, १५ मे १२९१

विडाल, माझ्या राजा,

रिगो आला! बंदराच्या तोंडावरची साखळी खाली करून त्याचं जहाज आत घेतलं, तेव्हा धक्क्यावर सगळ्यांदेखत मी रडले. झानेता म्हणाली, "आई, लोक बघतायत." म्हटलं, बघू देत, त्यांना कुठे असा भाऊ आहे.

हे पत्र लिहायची खरं तर गरज नाही, कारण मीच येतेय. पण आपलं एक वेगाचं गलबत आज संध्याकाळी निघतंय, ते रिगोच्या आधी पोचेल. तुला जितके दिवस आधी कळेल तितकी तुझी झोप वाचेल.

इथलं काय सांगू? ईस्टरच्या आधीपासून वेढा पडलाय. उंटांवर नगारे बांधून आणलेत, ते दिवसभर बडवतात. दगड पडायला लागले की गोदामातली राख छताएवढी उडते आणि आम्ही दोघी भुतं होऊन बसतो. ज्याच्यावर सगळ्यांची भिस्त होती तो तार्तारांचा खान तर मार्चातच मेला, अशी बातमी आली. म्हणजे आम्ही वाट बघत होतो ती मढ्याची. बाहेरच्या तटाला भगदाड पडलंय. पण आता मला त्याचं काय?

रिगोने आज पोती भरायला घेतली. गोदामात दोन ढीग आहेत. उद्या पहाटे मी स्वतः चाखून दाखवीन, मगच त्याला हात लावायला देईन. ते झालं की आम्ही चढणार. सामान नको म्हटलं म्हणून झानेताने दोन झगे एकावर एक घातलेत आणि आजपासूनच घामाघूम होऊन बसलीय.

तुला मी आयुष्यभर रागावले, शहाणं केलं. कौतुक कधी केलं नाही. आज करते. आईच्या पोटचा शोभलास.

ताई

---

व्हेनिस, २० जुलै १२९१
पत्ता: फामागुस्ता, सायप्रस. आपल्या देवळातल्या पाद्रीबाबांनी चौकशी करून द्यावे.

ताई,

तू आहेस की नाहीस तेही मला माहीत नाही. आक्रेहून जे जगले ते सायप्रसला गेले असं सगळे म्हणतात, म्हणून अंधारात तीर मारतोय.

रिगो जूनच्या शेवटी आला. म्हणाला, ताई आल्याच नाहीत. वाट पाहिली पाहिली, मग वारा बदलला, नाइलाज झाला. तू का आली नाहीस गं? तुझं पत्र आलं तेव्हा मी खोली झाडून घेतली होती. शेवटच्या क्षणी घर सोडवेना का? बायकांचं असं होतं खरं.

इथे रोज नवी बातमी. आक्रेशेजारचं सूर शहर तर एका रात्रीत रिकामं झालं, लढाईसुद्धा न होता. जिनोआचे दोघे भाऊ मे महिन्यात दोन गलबतं घेऊन पश्चिमेच्या समुद्रात शिरले, आणि कुठे म्हणशील? हिंदुस्थानला! पूर्वेचा रस्ता बंद झाला म्हणून हे पश्चिमेने जाणार. आमच्या धक्क्यावर पोट धरून हसणं चाललंय. जर्मनांचा राजा याच महिन्यात वारला म्हणतात, आता त्यांच्यात जुंपेल. एकंदरीत साल वाईट आहे.

राख मात्र अप्रतिम आली. इतकी पांढरी राख तू आजवर कधी पाठवली नव्हतीस. काच अशी उतरलीय की कारागीर हातात धरून बघत बसतात. मठाच्या मोठ्या आईंनी, म्हणजे तिथल्या मुख्य ननने, पहिला दिवा पाहिला आणि क्रूसाची खूण केली. तुझे आभार कसे मानू?

पत्र मिळालं तर दोन ओळी लिही.

विडाल

---

फामागुस्ता, १ सप्टेंबर १२९१

विडाल,

मी आहे.

जर्मनांचा राजा वारला, जिनोआवाले हिंदुस्थानला निघाले, सगळं कळवलंस. चांगलं केलंस. तुझ्या पत्रात झानेताचं नाव मी दोनदा शोधलं. ते नाही.

त्या पहाटे आम्ही गोदामात गेलो तर एक ढीग नाहीसा झालेला. रिगोने रात्रीतच होड्या लावून तो वाहून नेला होता. धावत धक्क्यावर गेलो. जहाज पाण्यात गळ्यापर्यंत बसलं होतं. शेवटच्या होडीत रिगो होता आणि त्याच्या मांडीशी शेवटची पोती.

मी म्हटलं, "रिगो, आम्ही आलो."

तो म्हणाला, "बाई, आता मांजरसुद्धा मावायचं नाही."

मी म्हटलं, "अरे, माझ्या भावाने तुला बजावलंय."

त्याने मान खाली घातली. मनुष्य वाईट नाही तो. म्हणाला, "त्यानेच बजावलंय. आधी राख, मग माणसं. जागा उरली तर."

मला वाटलं, खोटं बोलतोय. मी त्याला शिव्या दिल्या, तुझ्या बाजूने त्याच्याशी भांडले. मग मला तुझं पत्र आठवलं. 'एक बारीकशी गोष्ट आहे.' तेव्हा त्याचं खरं वाटलं. मग आणखी एक गोष्ट त्याला ओरडून सांगितली, पण ती जागेसाठी नव्हती. ती त्याने तुला सांगितली नसेल. सांगितली असेल तर तू ऐकली नसशील.

दोन दिवसांनी शहर पडलं. सकाळी धुकं होतं आणि नगारे अगदी कानाशी. सगळं गाव बंदराकडे पळत सुटलं. झानेताचा हात माझ्या हातात होता. मग कुणाची तरी गाडी उलटली, लोंढा आला, आणि माझ्या हातात तिच्या वरच्या झग्याची बाही राहिली. मी उलट्या दिशेने जायला लागले तर लोकांनी मला पुढेच ढकलत नेलं. एका कोळ्याने केसांना धरून होडीत ओढलं. मी त्याला चावले. अजून त्याच्या मनगटावर खूण आहे. तो इथेच असतो, मला बघून रस्ता बदलतो.

म्हाताऱ्या धर्मगुरूंची होडी माझ्या डोळ्यांदेखत बुडाली. पोहत येईल त्याला ते वर घेत राहिले, कुणाला नाही म्हणाले नाहीत, म्हणून बुडाली. तुझं जहाज बुडालं नाही.

झानेता जिवंत आहे की नाही, ठाऊक नाही; हाती लागल्या त्या मुली विकल्या म्हणतात. इथे मी एका साबणवाल्याकडे कढई ढवळते. माझी काळजी करू नकोस, ती तू केलेली मला परवडत नाही.

बेरिओला

---

व्हेनिस, १५ नोव्हेंबर १२९१

ताई,

तुझ्या पत्राने मला उभा चिरला. तू रागात आहेस, तुझा हक्कच आहे. पण जरा माझीही बाजू ऐक. मी 'आधी' म्हटलं असेन. 'फक्त' म्हटलं नव्हतं. रिगोने अक्कल चालवायला नको होती का? आणि शहर दोनच दिवसांत पडेल हे मला इथे बसून काय स्वप्न पडलं होतं? कुणाचाच दोष नाही, काळ वाईट.

असो. आता जे लिहितोय ते शांतपणे वाच, कारण यात झानेताचं भलं आहे.

मठातले दिवे रडायला लागलेत.

शपथेवर सांगतो. ऑक्टोबरात हवा दमट झाली आणि एका सकाळी प्रत्येक दिव्यावर पाण्याचे थेंब. पुसले तर पुन्हा. एका ननने जिभेला लावून पाहिलं तर खारट. मोठ्या आईंना कुणीतरी सांगितलं की काच आक्रेच्या राखेची आहे. झालं! दिवे आक्रेसाठी रडतात असं अख्खं शहर म्हणतंय. पहाटेपासून रांग लागते. बायका रुमालाने ते पाणी टिपून घरी नेतात, आजाऱ्याच्या कपाळाला लावतात. दानपेटी दुपारच्या आत भरते. मला रस्त्यात लोक थांबवून हाताचं चुंबन घेतात.

आणि नेमकं आत्ताच, गेल्या आठवड्यात, फर्मान निघालं. शहरातल्या सगळ्या भट्ट्या पाडायच्या, ज्याला काच करायची त्याने मुरानो बेटावर जावं. मी हसलो होतो ना? आजोबांच्या भट्टीवर घण पडायची वेळ आलीय. वर काचवाल्यांच्या मंडळाचे जाणते कारागीर मुरानोची जागा देण्यापूर्वी प्रत्येकाचं काम तपासणार. त्यांतला एक म्हातारा दिव्याकडे बघून माझ्या कानात म्हणाला, "विडाल, काच आजारी आहे रे तुझी." आता रिगोही म्हणतो, तू धक्क्यावरून राखेबद्दल काहीतरी ओरडत होतीस.

ते काय होतं, ते मला सांगू नकोस. कुणालाच सांगू नकोस. तू फक्त एक साक्ष लिहून दे: ती राख आक्रेच्या आपल्या देवळात ठेवलेली होती आणि वेढ्यात तिच्यावर प्रार्थना होत होत्या. तू तिथली विधवा, सगळं गमावलेली. तुझ्या शब्दावर कोण शंका घेईल? चमत्काराला मंडळ हात लावणार नाही. मुरानोची मोक्याची जागा मला मिळेल.

आणि मग दानातला वाटा मागून मी झानेताला शोधायला माणूस धाडतो. तिला सोडवून आणू. तुझ्या गळ्याची शपथ. आधी साक्ष येऊ दे, मग लगेच.

तुझा अभागी भाऊ,
विडाल

---

फामागुस्ता, फेब्रुवारीचा शेवटचा दिवस
(बाकीच्यांचं १२९२ केव्हाच लागलं. आपल्या गणतीत आज १२९१ संपतंय.)

विडाल,

तुझं पत्र नाताळात मिळालं. उत्तर त्याच दिवशी लिहिलं होतं, ते फाडलं. मग दुसरं लिहिलं. दुसऱ्यात तू मागितलेली साक्ष होती, शब्द न् शब्द. लेकीसाठी मी खोटं बोलणार नाही असं समजू नकोस. तिच्यासाठी मी गाढवाला संत म्हणेन.

ते पत्र घडी घालून ठेवलं आणि तुझं पुन्हा वाचलं. 'आधी साक्ष येऊ दे, मग लगेच.' मग ते धाडलं नाही. हे वाक्य मी धक्क्यावर ऐकलं होतं. आधी राख, मग माणसं. एवढं सगळं होऊन तुला त्याचा क्रमसुद्धा बदलावासा वाटला नाही, बाळा.

मी ओरडले होते ते ऐक. गोदामातला करडा, ढेकळांचा ढीग तुझा होता. पांढरा होता तो साबणवाल्यांचा, पाण्यात गाळून, कढईत आटवून तयार केलेला. रिगोला पांढरा दिसला म्हणून तो चोख वाटला. त्याच्या होडीतून धक्क्यावर चिमूटभर सांडला होता, मी सवयीने जिभेला लावला आणि ओरडले, "अरे, ही काचेची नव्हे!" तो होडीतल्या माणसाला म्हणाला, "जागेसाठी बायका काहीही बोलतात." त्या राखेची काच उतरते सुंदर. मग तिला घाम सुटतो. मग तिला केसाएवढ्या चिरा जातात, आणि एक दिवस कुणी हात न लावता ती फुटते. तुझ्या त्या म्हाताऱ्याला हे ठाऊक आहे. तुलाही ठाऊक झालं असतं. दिव्यांची राख ओळखणारी जीभ तुझ्याच जहाजातून येणार होती. तिच्या जागी तू पोती बसवलीस.

आता झानेताचं. गेल्या महिन्यात एक आर्मेनियन कापडवाला इथे आला. दमास्कसमध्ये एका घरी तो माल दाखवायला गेला होता. पडद्याआडून एक मुलगी आपल्या बोलीत म्हणाली, "सायप्रसला जाणार असाल तर माझ्या आईला सांगा, खालचा झगा अजून माझ्याकडे आहे." मी त्याचे पाय धरले. तो घाबरला बिचारा.

ती आहे, विडाल. ती आहे आणि वाट बघतेय. मी खोटी साक्ष धाडून तुझ्या 'लगेच'ची वाट बघत बसले असते, तर ती म्हातारी झाली असती.

म्हणून जे केलं ते सांगते. याच जहाजाने मठाच्या मोठ्या आईंना मी दुसरं पत्र धाडलंय. त्यात तुझ्याबद्दल वाईट एक अक्षर नाही, तेवढी आपल्या आईची आठवण मी ठेवली. लिहिलंय एवढंच: आई, दिवे रडत नाहीत, ती साबणाची राख आहे. दिव्यांखाली डोकी टेकवणाऱ्या बायकांना बाजूला करा, काच लवकरच फुटेल. पण आक्रेची एक मुलगी दमास्कसमध्ये खरोखर रडतेय. लोकांनी जे दान आक्रेसाठी म्हणून टाकलं, ते तिचं आहे. द्यायचं असेल तर माझ्या भावाच्या हाती देऊ नका.

मोठ्या आई काय करतील, मला माहीत नाही. चिडतील, किंवा देतील. मी त्यांच्यासाठीही थांबणार नाही. कापडवाला परत निघतोय, त्याच्या माणसांबरोबर मी जातेय. साबणाचं काम हाताला आलंय, दमास्कसमध्येही लोक अंघोळ करतातच. ज्या घरात लेक आहे त्या घराच्या मागच्या दाराने साबण विकायला जाईन. पुढचं पुढे.

तुझी भट्टी पडली असेल. मला वाईट वाटलं. खरंच वाटलं, त्या दारात मी तुला कडेवर घेऊन उभी राहिले होते. मुरानोला तुला जागा मिळेल की नाही कोण जाणे. मिळालीच, तर राख चाखायला आता दुसरी जीभ शोध.

मला उत्तर लिहू नकोस, मी इथे नसेन. या पत्राबरोबर एक वडी पाठवतेय. साबणाची, मी स्वतः केलीय, तसल्याच पांढऱ्या राखेची. ती या कामाला मात्र चोख असते.

हात धू.

बेरिओला